अकरा अंगठे

विल्नियसचं बसस्थानक. बस सुटायला पन्नास मिनिटं.
मी माझे अंगठे वेचायला बसले आहे.
शेजारी यानका, भाच्याचा मित्र, एकोणीस वर्षांचा,
माझा फोन मांडीवर घेऊन
धान्यातले खडे निवडावेत तसा निवडतोय.
खडे कुठले नि दाणे कुठले, ते विचारायचं नाही.

"मावशी, हा?"
त्या ऑगस्टमधला. फुलं घेऊन उभ्या बायकांची रांग.
काढ.
"हा?"
कुणा डॉक्टरच्या दोन ओळी, राजीनाम्याच्या.
काढ.
"हा मांजराचा?"
राहू दे. नाही, थांब, मांजर कुणाचं आहे?
काढ.

मी कवळ्या करते. तीस वर्षं
लोकांच्या तोंडांचे साचे माझ्या टेबलावर पडलेले असतात,
पांढरे, उघडे, जिभेवाचून.
आमच्या लिदात कुणी कुणाला बोलू नकोस असं म्हणत नसे.
दात सांभाळ, म्हणत.

आणि मी तर बोललेच नव्हते.
ब्र काढला नव्हता.
कुणीतरी काही म्हणालं, मी मान हलवली,
अंगठा म्हणजे तेवढंच ना?
आमच्या जिन्यातल्या ताईसियाला
मान हलवल्याचे पंधरा दिवस पडले.
गादी नव्हती. लोकरीच्या टोपीची उशी केली, म्हणाली,
आणि त्यापुढचं काही म्हणाली नाही.

सगळ्यात खाली त्सिमोखचा फोटो.
माझा भाऊ. त्याच्या चाळिसाव्यालाच निघाले आहे.
गॅलरीतली दोरी, तीन टॉवेल:
पांढरा, लाल, पांढरा.
खाली त्याने लिहिलंय, आज ऊन बरं आहे.
अकरा अंगठे. एक माझा.

यानका या वेळी विचारत नाही.
फोन माझ्या हातात देतो
आणि वेळापत्रकाच्या पाटीकडे बघत राहतो,
जसं काही त्याला कुठे जायचंय.
फोटो तसाच राहणार, पासवर्ड भाऊ घेऊन गेला.
माझा अंगठा तेवढा मी काढला.
दहा.
वाटलं होतं, चर्चमधली मेणबत्ती फुंकल्यासारखं होईल.
तसं काही झालं नाही. एक आकडा बदलला.

सीमेवरच्या खोलीत एक टेबल, कुंडीत कोरफड.
अधिकाऱ्याच्या वरच्या दाताला कॅप,
स्वस्तातली, रंग जुळलेला नाही.
फोन त्याने वर सरकवला, खाली सरकवला.
"एवढा स्वच्छ?"
मला त्यातलं फारसं कळत नाही, म्हटलं.
"सहा वर्षं वापरताय
आणि काहीच आवडलं नाही तुम्हाला?"

मी कोरफडीकडे बघितलं. तिला पाणी जास्त होत होतं.

मग त्याने खरा अंगठा मागितला.
काचेवर. उजवा. मग डावा.
जोरात दाबा, म्हणाला.
हिरवा दिवा लागला.
ते ठसे कुठे जातात, मी विचारलं नाही,
त्यानेही सांगितलं नाही, आणि बस थांबलेली होती.

लिदा. तिसरा मजला.
पाहुणे उद्या यायचे होते, म्हणून कपाट आवरायला घेतलं.
तिन्ही टॉवेल तळाशी, घडी घालून.
धुतले. पिळले.
दोन पांढरे दोरीवर घातले
आणि मग बघितलं,
मध्ये मी टॉवेलभर जागा सोडली होती.
न ठरवता.

लाल हातातच.
पाणी कोपरावरून सपातांत ठिबकत होतं.
समोरच्या गॅलरीत झिनाइदा बटाटे सोलता सोलता थांबली.
अकरांतली तीही एक होती,
आता आहे की नाही, ठाऊक नाही.
तिने खाली रस्त्यावर बघितलं, मग वरच्या खिडक्यांकडे,
मग माझ्याकडे.

"आत वाळत घाल गं," म्हणाली.
"कुबट वास येईल. तरी आत घाल."

ऊन बरं होतं.